प्रतिसाद : पालिकेला कर्ज देणार कोण?

वर एका दादांनी विचारलंय, पुणे महापालिकेने २०१७ साली २०० कोटींचे रोखे (बाजारातून कर्ज उभारायचे कागद) काढले, मग आमच्या गोव्यातल्या केपे-सांग्याच्या पालिकांनी का काढू नयेत? दादा, घरपट्टी आणि सोपो (बाजारातल्या विक्रेत्यांकडून घेतला जाणारा कर) यांवर चालणाऱ्या पालिकेला बाजारात एकटीला कोण उभं करणार? पतमानांकनाचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत तपासून घ्यायचा खर्चच अंगावर यायचा.

तामिळनाडूने २००२ साली यावर तोड काढली. डझनभर लहान पालिकांच्या पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठी राज्याने उभारलेल्या एका सामाईक निधी-संस्थेनेच सुमारे ३० कोटींचे रोखे काढले, मुदत १५ वर्षं. पालिका आपलं उत्पन्न वेगळ्या खात्यात भरायच्या, त्यातून हप्ता जायचा. हप्ता चुकला तर राज्याकडून पालिकेला मिळणाऱ्या अनुदानातूनच कापून घ्यायची सोय होती. खरी मेख इथेच आहे, कर्ज देणाऱ्याचा भरवसा पालिकेवर नाही, या कापणीवर असतो. शिवाय निम्म्या मुद्दलाला अमेरिकी सरकारी संस्थेची हमी होती, ते विसरू नका.

आपल्याकडे पायाभूत सुविधा महामंडळ आहे, पण ते मुख्यतः सरकारची कामं बांधून देतं. पालिकेच्या डोक्यावर कर्ज नको, हे ऐकायला बरं वाटतं. पण मग मार्केटच्या इमारतीसाठीसुद्धा सरकारकडे पैसे मागायला पणजीच्या फेऱ्या आल्याच.