जुनी घरं, वाडे आणि भिंतीआडच्या बागा: तुम्ही काय बघितलंत?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढीन काढीन म्हणत होते. आपण जुने वाडे, हवेल्या बघायला जातो, दिवाणखाना, झुंबरं, नक्षीचे खांब यांचे फोटो काढतो आणि बाहेर पडून चहा शोधतो. मागचं परस, आड, हौद, नदीकडचा दरवाजा इथवर फारसं कोणी जातच नाही, किंवा गार्ड जाऊ देत नाही. मला तर वाटतं घर कळतं ते तिथेच. पाणी कुठून यायचं, पूजेची फुलं कुठली, घोडे कुठे बांधायचे, घरातल्या बायकांना उघड्यावर बसायला जागा कुठली, हे सगळं मागच्या बाजूला. तर शहरातलं जुनं घर आणि त्याची भिंतीआतली बाग किंवा परस, जे काय बघितलं असेल ते लिहा. अट एकच, स्वतः बघितलेलं लिहा, गूगलवरचं चिकटवू नका.

सुरुवात मीच करते. पुण्याचा विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. तुळशीबागेत खरेदीला जाताना शंभरदा त्याच्यावरून गेले असेन, रस्त्याकडचा तो लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे खांब, वर केळफुलं कोरलेली, पण आत जायचं राहिलेलंच. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, मग १८७९ च्या आगीत पूर्वेकडचा भाग गेला, पुढे पोस्ट, नगरपालिका, काय काय. एवढं सगळं होऊन चौक मात्र आहे. मी गेले तेव्हा नुकती सर येऊन गेली होती, पागोळ्या अजून टपटपत होत्या आणि चौकाच्या कडेच्या दगडी पन्हळीतून पाणी एका कोपऱ्यात चाललेलं, कुठे तुंबणं नाही की डबकं नाही. बाहेर बाजीराव रोडवर गुडघाभर तळं होतं तेव्हा. आता तुम्ही लिहा.

– पेठकरीण

---

मस्त धागा. सदाशिव पेठेत आमच्या आत्याआजीचा वाडा होता, म्हणजे दोन चौक, जोडलेली बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक भांडणाचा विषय, पाणी. मागच्या परसाला पुरुषभर उंचीची पांढऱ्या मातीची भिंत, वर कौलं. आत प्राजक्त, अनंत, एक दगडी हौद, आणि न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळी. म्हणजे सांडपाणीसुद्धा वाया जायचं नाही, आता यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ग्रे वॉटरचं प्रेझेंटेशन होतं आणि आपण टाळ्या वाजवतो!

पुण्याच्या पेठांमधले हौद कशावर भरायचे माहितीये ना? नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून गावात पाणी आणलं. पंप नाही काही नाही, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी हवा जायला आणि गाळ काढायला उच्छ्वास ठेवलेले. त्याच पाण्यावर शनिवारवाड्यातली कारंजी आणि गावातले हौद चालायचे. त्यामुळे पुण्यात वाड्याची बाग बघायची तर आधी कात्रज बघावं असं माझं मत आहे, झाडं नंतर.

आत्याआजीचा वाडा आता नाहीये. बिल्डरने अनंताचं झाड ठेवतो म्हणून तोंडी सांगितलं होतं. तिथे आता पंपहाऊस आहे.

– हौदावरचा कावळा

---

वाईचा माणूस म्हणून मेणवली लिहिणं माझं कर्तव्यच आहे. गाव म्हणाल तर खेडं, त्यामुळे पेठकरीण ताईंच्या अटीत बसत नाही, पण मालक पुण्याचा सगळा कारभार हाकणारा माणूस, नाना फडणवीस, म्हणून चालवून घ्या.

सहा चौक आहेत आणि बाहेरून जाड तटासारखी भिंत. दरवाजातून आत गेलं की एकदम गार, भर मे महिन्यात. खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसेल एवढी भिंतीची जाडी. भिंतींवर चित्रं आहेत, काही उडालेली, काही अजून छान. मेणवली दफ्तर म्हणून जी कागदपत्रं अभ्यासक वापरतात ती इथलीच. पण खरी मजा मागच्या बाजूला. मागून बाहेर पडलं की सरळ घाटाच्या पायऱ्या, कृष्णा, मेणेश्वराचं देऊळ. म्हणजे घरातल्या बाईमाणसाला गावातून न जाता नदीवर जाता येईल अशी सोय, आणि घराला स्वतःची नदी! घाटावर एका छोट्या देवळीत पोर्तुगीज घंटा टांगलीये, १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली, चिमाजीअप्पांच्या. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ साल, खाली कृष्णा वाहतेय, बाजूला महादेव. माझ्या पोराने विचारलं बाबा ही चर्चची घंटा इथे काय करतेय, मग आमचा इतिहासाचा तास पायऱ्यांवरच झाला.

सिनेमावाल्यांमुळे हल्ली गर्दी असते, रविवार टाळा. लोक घाटावर रील काढून परत जातात, वाडा बघतही नाहीत.

– मु. पो. वाई

---

+१ मेणवलीला. पण एक तक्रार मांडू का? आपल्याकडे कुठलीही जुनी वास्तू दुरुस्त केली की पहिलं काम म्हणजे लॉन. शनिवारवाडा घ्या. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, जोती राहिली, ठीक आहे, पण त्या जोत्यांच्या मधे हिरवीगार हिरवळ आणि कडेने क्रोटन लावून ठेवलेत. पेशव्यांच्या वाड्यात लॉन कशाला असेल? हिरवळीवर बसून नाना काय सँडविच खायचे? तिथे हजारी कारंजं आहे, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं, सवाई माधवरावांसाठी केलेलं, ते नीट समजावून सांगणारा फलक मोठा करा, कण्हेर लावा, तगर लावा, मोगरा लावा. पुण्याच्या उन्हात लॉनला रोज पाणी मारायचं म्हणजे नानासाहेबांच्या कात्रजच्या नळाचा अपमान आहे.

– कडू कारलं

---

कारलं, अगदी अगदी!! मी आता लंडनमध्ये आहे, इथलं एक लिहिते, चालेल ना? हॅम्पस्टेडला टेकडीवर फेन्टन हाऊस आहे. १६८६ च्या सुमाराचं विटांचं घर, कुठल्या राजाचं नाही, व्यापाऱ्यांचं. नाव पडलं ते १७९३ मध्ये घेणाऱ्या फेन्टन नावाच्या व्यापाऱ्यावरून. शेवटच्या मालकीणबाईंनी १९५२ मध्ये घर आणि त्यांची चिनी मातीची भांडी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. आत जुनी हार्पसिकॉर्ड वगैरे वाद्यं आहेत, पियानोच्या आधीची, त्यातलं एक १६१२ चं. नशीब असेल तर कोणीतरी वाजवत असतं आणि तुम्ही वरच्या खोलीत असलात तरी आवाज जिन्यातून येतो.

पण बाग! बाहेर रस्त्यावरून नुसती उंच विटांची भिंत दिसते. आत एका पातळीवर हिरवळ, फुलांचे वाफे (इथे लॉन शोभतं हो कारलं, इथे पाऊस फुकट पडतो), आणि पायऱ्या उतरून खाली भाजीचे वाफे आणि सफरचंदाची बाग, तीसेक जातींची झाडं. भिंतीला लागून तारा ओढून त्यावर फळझाडांच्या फांद्या आडव्या पसरवलेल्या, झाड पार चपटं केलेलं. मी माळीकाकांना विचारलं हे कशाला, तर म्हणाले हात लावून बघा भिंतीला. दुपार टळून गेली होती तरी वीट कोमट. दिवसभराचं ऊन विटा धरून ठेवतात आणि रात्री झाडाला देतात, म्हणून या थंड देशात फळ पिकतं. भिंत चोरांसाठी असेल असंच मला वाटलं होतं तोवर. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर झाडाखाली पडलेल्या सफरचंदांचा आंबूस वास सगळीकडे असतो.

आपल्या लोकांसाठी एक टीप: तिथून ट्यूबने दोनच स्टेशनं पुढे चॉक फार्मला उतरा. किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. एका दिवसात दोन्ही होतं. आधी सफरचंदवाल्यांचं घर आणि मग विद्यार्थ्याची खोली, या क्रमानेच जा, मला तरी तसंच बरं वाटलं.

– थेम्सकाठची

---

लंडन आलं तर ॲम्स्टरडॅम का नको. कायझर्सग्राख्त या कालव्यावर म्युझियम व्हान लोन आहे, घर १६७२ चं, पहिला भाडेकरू रेम्ब्रांटचा शिष्य फर्डिनांड बोल. रस्त्यावरून मागे बाग आहे याचा पत्ताच लागत नाही. आत कापून कापून भूमितीत बसवलेली झुडपं आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला बग्गीखाना, त्याचा दर्शनी भाग एखाद्या ग्रीक देवळासारखा. घोड्यांसाठी एवढा थाट! या कालव्यांवरच्या घरांच्या मागे बांधकाम करायचं नाही, बाग ठेवायची असे नियम सतराव्या शतकातच घातले होते, म्हणून आजही दोन कालव्यांच्या मधे हिरवा पट्टा शिल्लक आहे. जूनमध्ये एक वीकेंड अशा बऱ्याच खाजगी बागा लोकांना उघडतात, तेव्हा जा.

माझं गाव वेंगुर्ला. तिथे डच वखारीचे पडके अवशेष आहेत, लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो. आणि व्हान लोन घराण्यातला पूर्वज विलेम हा १६०२ च्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेतला एक. म्हणजे वखार ज्यांची, त्यांच्याच पैशातलं हे घराणं. ऑडिओ गाईडमध्ये मिरी, जायफळ ऐकताना जरा गंमत वाटली आणि जरा रागही आला. बागेत कॉफी मिळते, महाग आहे.

– खाडीपलीकडचा

---

आमच्या गोव्यात केपे गावात चर्चच्या समोर एक घर आहे, पलासियो दो देआंव. १७८७ मध्ये जुझे पावलो नावाच्या पोर्तुगीज डीनने, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ पाद्र्याने बांधलं, आणि केपे गाव वसवलं तेही त्यानेच. मागे बाग उतरत उतरत कुशावती नदीकडे जाते. बऱ्याच वर्षांच्या पडझडीनंतर एका कुटुंबाने घेऊन स्वतः दुरुस्त केलंय, आणि आधी सांगितलं तर मागच्या व्हरांड्यात जेवायला पण वाढतात. आम्ही पाऊस संपता संपता गेलो, नदी तुडुंब, जेवणापेक्षा बागेकडेच लक्ष. घर पोर्तुगीज ढंगाचं खरं, पण खिडक्यांना बारीक शिंपले बसवलेले, काचेऐवजी, त्यातून उजेड दुधासारखा येतो. आणि बागेत फिरताना ओल्या दगडावर सांभाळा, माझ्या नवऱ्याची कोलांटउडी झालीच होती.

– मानकुराद

---

सगळे अनुभव वाचले, सेव्ह केलाय धागा. एक विचारायचं होतं, आईला गुडघ्याचा त्रास आहे, यातलं कुठे नेऊ?

– सुपारी

---

सुपारी, केपेची बाग उतारावर आहे, पण व्हरांड्यात बसून सगळी दिसते, तिथे न्या.

– मानकुराद

---

मेणवलीचा घाट आईंना नको, पायऱ्या उंच आहेत आणि नदीला पाणी असलं की खालच्या निसरड्या होतात. पण वाड्याच्या पहिल्या दोन चौकांपर्यंत आरामात. विश्रामबागचा जिना अरुंद आहे, चौक तळमजल्यावर आहे तेवढा दाखवा, आणि पार्किंगच्या नादाला न लागता रिक्षाने जा.

– मु. पो. वाई