६ तासांची माउंटन बाइक (एमटीबी) रेस, जांभ्याचा ट्रॅक: हवा किती, मीठ किती?

फोंडा_हार्डटेल

जानेवारीत गोव्यातल्या सत्तरीत ६ तासांची एमटीबी रेस करायची आहे. ९ किलोमीटरची फेरी, काजूच्या बागा, जुना खाणरस्ता आणि वाटेत दोनदा ओहोळ. सुरुवात सकाळी ७ला. सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), २९ इंची चाकं, २.२५ इंची ट्यूबलेस टायर, १२ स्पीड. वजन ७२ किलो. डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटर होतात, पण ट्रेलवर ३ तासांनंतर पाय चालत नाहीत. हवा किती ठेवू, खाणंपिणं कसं करू, सोबत काय न्यावं?

वाळपई_ट्रेल

आधी टायर बघा, बाब. आपल्याकडच्या कडक जांभ्यावर वाटाण्याएवढे सुटे गोल खडे पसरलेले असतात. टायर टणक असला की तो खड्यांवर बसत नाही, त्यांच्यावरून घरंगळतो, आणि वळणावर पुढचं चाक एकदम निसटतं. ७२ किलोला पुढे २० आणि मागे २३ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. दगडाच्या कडेवर रिम ‘ठण्’ वाजली की १ वाढवा. वळणात टायर आडवा लवतोय असं वाटलं तरीही १ वाढवा. पुढे १८च्या खाली नको. हवा मोजायचं गेज कायम एकच वापरा. दोन गेजांत २-३ पीएसआयचा फरक सहज असतो आणि इथे सगळा खेळ तेवढ्याचाच आहे.

सीलंट (टायरच्या आतलं, भोकं बुजवणारं द्रव) उकाड्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ नसेल तर प्रत्येक टायरला १०० मिली नवीन घाला. जांभ्याच्या धारेने बाजूची भिंत कापली तर मात्र सीलंट पुरत नाही, भोकात कोंबायचे रबरी प्लग हवेतच.

ब्रेकला सिंटर्ड (धातूचे) पॅड लावा. लाल धूळ आणि ओहोळाचं पाणी यांची मिळून पॉलिश पेस्ट होते, त्यात मऊ रेझिन पॅड भराभर झिजतात. ओहोळ ओलांडल्यावर उतार लागण्याआधी दोन्ही ब्रेक हलके दाबून पॅड कोरडे करून घ्या.

केरी_ते_चोर्ला

तुमचे पाय तीन तासांनी थांबतात, त्यामागे बहुधा खाणं आणि घाई आहे. पहिला तास शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच दमाने चालवा. पहिली फेरी ३२ मिनिटांत आणि चौथी ४०मध्ये होत असेल, तर चूक पहिल्या फेरीत झालेली असते. चढाला बसून राहा, हलका गिअर ठेवा.

खाणं विसाव्या मिनिटाला सुरू करा, भूक लागेपर्यंत थांबू नका. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. ६०० मिलीच्या बाटलीत साखर ३५ ग्रॅम (सपाट ८ छोटे चमचे), मीठ पाव छोटा चमचा आणि लिंबू. बाटलीसोबत तासाला एक मध्यम केळं. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ निम्मं करा, कारण आगळात ते आधीच असतं. खारट झालेली बाटली दुसऱ्या तासाला नकोशी होते. नुसतं पाणी सहा तास ढोसू नका. घामातून मीठ जातं, वरून पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं.

किती प्यायचं हे आधी मोजून ठेवा. अकराच्या उन्हात तासभर चालवा, आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. १ किलो घटलं म्हणजे साधारण १ लिटर घाम. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. त्याच्या ७०-८० टक्के पिणं पुरे.

सकाळी ४ला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. भाजी-पाव नको, तेल पोटात बसतं. सरावात लांब राइड दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत ५ तासांपर्यंत न्या; शेवटची रेसच्या १४ दिवस आधी.

चेन_नि_हँगर

वरच्या बाटलीच्या सल्ल्यात एक भर. ज्या ओहोळात ढोरं उतरतात, त्याचंच पाणी बाटलीच्या तोंडावर उडतं. टोपणवाली बाटली घ्या.

सोबत: प्लग, एक ट्यूब, हातपंप, चेन टूल, १२ स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), टी२५ (चांदणीच्या आकाराचं टोक) असलेला मल्टीटूल आणि तुमच्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी दुकानात मिळत नाही. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, काटे त्यात अडकतात. बोट फिरवलं तर बोटात. चेनची झीज मोजणाऱ्या गेजवर ०.५ दिसली तर दोन आठवडे आधी बदला. वेट ल्यूब (ओल्यात टिकणारं चेनचं तेल) कडीला एक थेंब, तासाभराने पूर्ण पुसा, नाहीतर लाल धूळ चिकटून बसते.

वाळपई_ट्रेल

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि जानेवारी त्याच्या हंगामात येतो. तो गोचिडीमार्फत पसरतो. सरावाला जाताना लांब मोजे, पायांना डीएमपी तेल (गोचीड दूर ठेवणारं), आणि काजूच्या पाचोळ्यात बसणं किंवा सायकल आडवी टाकणं बंद. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे. गुडघ्यामागे आणि जांघेत बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीच्या जंगलात गेला होतात हे आधी सांगा.

फोंडा_हार्डटेल

आभार. पुढे २.४चा टायर बसवला तर?

वाळपई_ट्रेल

फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या भागात) दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळे राहिले तर जरूर बसवा, हवा १ पीएसआय कमी ठेवा. मागे २.२५च राहू द्या.