तौलनिक अर्थव्यवस्थांच्या अभ्यासाला आज काही प्रयोजन उरले आहे का?

कारेलीबागची विद्यार्थिनी

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी वडोदऱ्यात अर्थशास्त्रात एम. ए. करीत असून पुढे संशोधन करण्याचा विचार आहे. विषय शोधताना तौलनिक आर्थिक अभ्यासासाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय संघटनेची माहिती वाचनात आली. प्रत्यक्षातील, सैद्धांतिक आणि काल्पनिक अशा तिन्ही प्रकारच्या अर्थव्यवस्थांची तुलना हे या संघटनेने आपले क्षेत्र मानले आहे. माझी शंका अशी की, पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि भांडवलशाही व समाजवादी नियोजन या तुलनेचे एक पारडेच रिकामे झाले. मग ही विद्वान मंडळी तेव्हापासून कशाची कशाशी तुलना करीत आहेत? आणि वडोदऱ्यात राहून या विषयात काही करता येईल का, की तो इतिहास म्हणून वाचून सोडून द्यावा?

दांडियाबाजारकर (निवृत्त प्राध्यापक)

आपली शंका रास्त आहे, पण ती या विषयाच्या एका भागालाच लागू पडते. अमेरिकेतील समांतर संघटना १९७२ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली, आणि त्यांपैकी एक तर केवळ सोव्हिएत धर्तीच्या अर्थव्यवस्थांच्या अभ्यासासाठीच होती. त्या पिढीचे बरेचसे काम मोजमापाचे होते. सोव्हिएत किमती सरकार ठरवीत असल्यामुळे त्यांची बेरीज करून राष्ट्रीय उत्पन्नाचा अर्थपूर्ण आकडा मिळत नसे. म्हणून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अब्राम बर्गसन यांनी त्या किमती उत्पादनखर्चाशी जुळवून दुरुस्त केल्या आणि मग हिशेब मांडला. हे कसब १९९१ नंतर बहुतांशी निरुपयोगी झाले, हे मान्य करावेच लागेल.

परंतु हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी जे दाखवले ते सोव्हिएत संघाबरोबर संपले नाही. तोटा झाला तरी सरकारी तिजोरी तो भरून काढील अशी ज्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला खात्री असते, तो खर्चाकडे फारसे पाहत नाही, हाताशी असावा म्हणून कच्चा माल साठवत राहतो, आणि सगळेच असे वागू लागले की टंचाई निर्माण होते. त्यासाठी नियोजनकार मूर्ख असण्याची गरज नसते. याला ते ‘सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट’, म्हणजे बजेटचे सैल बंधन, म्हणत. आपल्याकडील राज्य वीज मंडळे किंवा वारंवार भांडवल पुरवाव्या लागलेल्या सरकारी बँका पाहिल्या, तर हा विचार कालबाह्य झाला आहे असे कोणाला म्हणता येईल?

नव्वदच्या दशकात तुलनेचा विषय स्थित्यंतर, म्हणजे नियोजित अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे होणारी वाटचाल, हा झाला. पोलंडने जानेवारी १९९० मध्ये बहुतेक किमती एका झटक्यात मोकळ्या केल्या, तर चीनने ठरलेला कोटा सरकारी दराने आणि वरचे उत्पादन बाजारभावाने विकू देण्याची दुहेरी पद्धत राबवली. पुढे २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स’मधील एका बहुचर्चित लेखाने भांडवलशाही देशांच्या आपसांतील फरकांवर भर दिला. खासगी अराजकाचा धोका एका अक्षावर, सरकारी जुलमाचा दुसऱ्यावर, आणि प्रत्येक देशाची संस्थारचना त्या दोहोंमधली तडजोड, अशी त्याची मांडणी आहे. मला ती जरा अतिसुबक वाटते, पण आपण ती वाचलीच पाहिजे.

जवाहरनगर, निवृत्त अभियंता

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, तरी आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. वडोदऱ्याजवळच्या कोयलीची तेल रिफायनरी सोव्हिएत साहाय्याने उभी राहून १९६५ मध्ये सुरू झाली. तिच्या शेजारच्या आय. पी. सी. एल. (इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेड) या पेट्रोरसायन कंपनीची स्थापना केंद्र सरकारने १९६९ मध्ये केली. २००२ मध्ये त्यातला २६ टक्के हिस्सा रिलायन्स समूहाला विकला गेला आणि २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. तासाभराच्या अंतरावर आणंदला १९४६ पासूनचा दूध उत्पादकांचा सहकारी संघ आहे. सरकारी, खासगी आणि सहकारी अशी तिन्ही प्रकारची मालकी इतक्या जवळ असताना विषयासाठी युरोपकडे पाहण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

रावपुऱ्यातील वाचक

अभियंता साहेबांचा मुद्दा आकर्षक आहे, पण दुधाचा संघ आणि पेट्रोरसायनांचा कारखाना शेजारी ठेवल्याने व्यवस्थांची तुलना होत नाही. आय. पी. सी. एल. चेच घ्या. मालकी २००२ मध्ये बदलली खरी, परंतु १९९१ पासून आयातशुल्क उतरत आले होते आणि पेट्रोलियम पदार्थांच्या प्रशासित, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, किमतींची पद्धतही एप्रिल २००२ मध्येच गुंडाळली गेली. तेव्हा कारभारात जो काही फरक पडला तो मालकामुळे की स्पर्धेमुळे, हे केवळ आधीचे आणि नंतरचे ताळेबंद पाहून सांगता येणार नाही.

कारेलीबागची विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. मग मालकी न बदलता केवळ आयातशुल्क उतरल्यामुळे १९९१ ते २००२ या काळात या कंपनीचे बजेटचे बंधन किती आवळले गेले, असा प्रश्न घेतला तर?

दांडियाबाजारकर (निवृत्त प्राध्यापक)

हा प्रश्न घ्यावा. मात्र मालकी तशीच राहिली हे गृहीत धरण्यापूर्वी त्या दशकात सरकारचा हिस्सा कसकसा बदलत गेला ते वार्षिक अहवालांतून तपासा. शिवाय दुसरा एखादा सरकारी कारखाना असा निवडा, की ज्याच्या मालावरील शुल्क फारसे उतरले नव्हते. तो मिळाला नाही तर रावपुऱ्याच्या वाचकांचा आक्षेप आपल्यालाही लागू होईल. कोर्नाई यांचे लेखन त्याआधी वाचून घ्यावे, २००३ चा लेख मागाहून वाचला तरी चालेल.