शब्दचर्चा: 'पाठीशी', 'बाजूने' आणि 'बाजूला' (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची ठिकाणं दिली आहेत)

कोपरखैरणे: मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना फ्लॅट भाड्याने द्यायचाय. भाडेकरू म्हणजे केनियाहून शिकायला आलेली एक मुलगी. कागदपत्रं चोख आहेत, पोलीस पडताळणीही झालीय. तरी एक जण म्हणाले, "असल्या हबश्यांना आत घेतलं की निस्तरत बसावं लागेल." दोघं-तिघं हसले. मुलगी दारातच उभी होती. मी खाली मान घालून चहा पीत राहिले. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, तू काहीच कशी बोलली नाहीस?" कॉलेजात त्यांना 'अ‍ॅलाय' हा शब्द शिकवलाय, म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या सोबत उभा राहणारा. त्याला मराठीत काय म्हणाल? कैवारी, पाठीराखा, समर्थक असे शब्द सुचतात, पण एकही नीट बसत नाही. आणि 'बायस'ला नुसतं पूर्वग्रह म्हणून भागतं का?

नौपाडा: पूर्वग्रह मनात असतो ताई. ग्रह म्हणजे धरणं, म्हणून 'ग्रह करून घेणे'. तुमच्या सभेत झाला तो दुजाभाव, म्हणजे समोरच्याला दुजा, परका मानून वागणं. मला त्याहून नेमका वाटतो तो पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात थेंब. करारनामा तोच, अनामत रक्कम तीच, मग हिच्यासाठीच सभा का भरवली?

आणि 'हबशी'बद्दल: हबश हे इथिओपियाचं अरबी नाव, त्यावरून हबशी. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला हबसाण म्हणत. मलिक अंबर हबशीच होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभार चालवू लागला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं आणि १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. शब्दाला हा इतिहास आहे. तुमच्या सभेत मात्र तो त्या मुलीचा रंग दाखवायला वापरला गेला, म्हणून ती शिवीच.

कळवा: पंक्तिप्रपंच शब्द छान आहे, पण तो म्हणायला आधी पंगतीत जागा मिळावी लागते. माझ्या आजोबांना ती नव्हती. त्यांचं जेवण अंगणात, तेही वरून टाकलेलं. त्याला शब्द होता विटाळ. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये संस्था काढली तेव्हा नावातच 'बहिष्कृत' घातलं, बहिष्कृत हितकारिणी सभा. जे भोगलं त्याचं नाव ज्यांनी भोगलं त्यांनीच ठेवलं.

तुमच्या 'अ‍ॅलाय'चा अर्थही मला तिथेच सापडतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्माने ब्राह्मण, पण लढा बाबासाहेबांचा आणि नेतृत्व त्यांचंच, हे त्यांनी मनापासून मानलं. अशा माणसाला आमच्याकडे सहकारी म्हणतात. कैवारी नको. कैवारी वरून खाली बघतो.

कोपरखैरणे: दादा, 'वरून टाकलेलं' वाचून थांबले. 'कैवारी' मी माझ्या यादीतून काढला.

ठाणे पूर्व: 'वर्ण' शब्दाकडेही बघा. अक्षर, रंग आणि चातुर्वर्ण्य, तिन्हीला आपण वर्णच म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत 'वर्णद्वेष' वाचत मोठे झालो आणि ती तिकडची गोष्ट समजलो. इकडे लग्नाच्या माहितीपत्रकात 'वर्ण: निमगोरा' असा रकाना घरोघर भरतात. गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी मीही भरला. तिच्या नावाखाली 'सावळा' लिहिताना हात अडखळला, तेव्हा कळलं की द्वेष आपल्याही रकान्यात आहे.

घणसोली: मी आगरी. आमचं नावच आगरावरून, मिठागरावरून आलं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७० मध्ये, ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि आम्ही झालो प्रकल्पग्रस्त. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा, 'आगरी बोलतेय' म्हणून. भाषेचं नाव होतं, पण म्हणायची पद्धत शिवीची. ताई, हसणारे मला आता आठवतही नाहीत. आठवते ती शेजारच्या बाकावरची मैत्रीण. ती हसली नाही, पण बोललीही नाही. मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "मी तुझ्या पाठीशी आहे."

मराठीत गंमत नाही, फार बारकावा आहे बघा. 'पाठीशी' म्हणजे मागे, मार पडला तर तुझ्यावर पडेल. 'बाजूने' म्हणजे सगळ्यांसमोर. आणि 'बाजूला उभं राहणं' म्हणजे तर चक्क सरकून वाट मोकळी करणं. फरक एका प्रत्ययाचा. मला तेव्हा 'बाजूने' हवं होतं.

नौपाडा: 'कड घेणे' त्याच अर्थाचं आहे. 'तळी उचलणे' मात्र नको, त्यात लांगूलचालन आलं.

कळवा: आणि 'सहानुभूती'ही नको. ती घरी बसूनसुद्धा वाटू शकते.

वाशी: सांगाती कसा वाटतो? अभंगांमुळे घराघरांत माहीत आहे. सोबत चालणारा, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. पुढे जाऊन वाट दाखवणारा नाही आणि मागून ढकलणाराही नाही.

घणसोली: सांगाती आवडला. आमच्यात 'संगं' म्हणतात, 'मी तुजे संगं हाय'. पण ताई, शब्द तिलाच विचारा ना, जिची बाजू घ्यायची तिला.

कोपरखैरणे: विचारलं. काल संध्याकाळी तिला आणि काकांना घरी बोलावलं होतं. आधी माफी मागितली. सभेत गप्प बसले होते ना, म्हणून. ती म्हणाली, स्वाहिलीत मित्राला रफीकी म्हणतात. मूळ अरबी, आपल्याकडे रफीक नाव असतं ना, तेच. मग मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं: कागदपत्रं पूर्ण असलेल्या भाडेकरूला सभेपुढे उभं करण्याची प्रथा बंद व्हावी, आणि त्या दिवशी वापरलेल्या शब्दाबद्दल सभेने खेद नोंदवावा. तिला आधी वाचून दाखवलं. तिने एक वाक्य गाळायला सांगितलं, 'बिचारी परदेशी मुलगी' असं मी लिहिलं होतं ते. गाळलं. खाली माझी सही आहे, काकांची आहे, आणि आज सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी केली. पुढची सभा ९ तारखेला आहे.