ऑडॅसिटीच्या नव्या आवृत्तीत भजनाचे ध्वनिमुद्रण : कामाचा क्रम कसा बदलावा?

प्रश्न (कुडाळ)

नमस्कार. आमच्या भजन मंडळाच्या बाऱ्यांचे (भजनाच्या कार्यक्रमांचे) ध्वनिमुद्रण मी कित्येक वर्षे ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रण व संपादनाच्या संगणक प्रणालीच्या २.४.२ या आवृत्तीवर करत आलो आहे. बुवांचा (मुख्य गायकाचा) आवाज, पेटी, पखवाज आणि झांज असे चार ट्रॅक, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र पट्टे, असतात. लॅपटॉप बदलल्यामुळे आता ३.६ वर आलो आहे आणि हाताला बसलेला क्रम मोडला आहे. तुकडा पुढेमागे सरकवण्याचे टाइम शिफ्ट हे साधन दिसत नाही, कापलेला भाग कडा ओढताच परत येतो आणि इफेक्ट दोन ठिकाणी दिसतात. गणेशोत्सवापूर्वी गजर आणि गौळणी पूर्ण करून द्यायच्या आहेत. जुनीच आवृत्ती पुन्हा बसवावी का? जुन्या बाऱ्यांचे प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडतील का?

उत्तर (देवगड)

नमस्कार. टाइम शिफ्ट हे साधन २०२१ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीपासून काढून टाकले आहे. आता प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर जी पट्टी दिसते ती धरून तुकडा सरकवावा. त्याच आवृत्तीपासून कड ओढून छाटलेला आवाज पुसला जात नाही, केवळ झाकला जातो, त्यामुळे बुवांच्या आलापाची सुरुवात चुकून छाटली गेली तरी ती कड मागे ओढून परत मिळवता येते. भजनासारख्या एका दमात गायल्या जाणाऱ्या प्रकारासाठी मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण रंगलेला गजर पुन्हा तसाच गाऊन घेता येत नाही.

इफेक्टचे म्हणाल तर ३.२ पासून ट्रॅकवरील इफेक्ट्स या बटणातून दिलेला रिव्हर्ब (घुमारा) किंवा बास अँड ट्रेबल (खर्ज व तीव्र स्वर कमीजास्त करणारा इफेक्ट) मूळ आवाजाला हात लावत नाही. ऐकता ऐकता तो कमीजास्त करता येतो आणि एक्स्पोर्ट करताना (अंतिम ध्वनिफाइल काढताना) आपोआप मिसळला जातो. वरच्या मेनूतून दिलेला इफेक्ट मात्र पूर्वीप्रमाणेच आवाजात कायमचा उतरतो. म्हणून पखवाजाची धूम किती ठेवायची, पेटी किती मागे न्यायची, हे निर्णय आता शेवटपर्यंत मोकळे ठेवावेत.

जुने प्रोजेक्ट उघडतात. पूर्वी एयूपी फाइल आणि तिच्यासोबत डेटा फोल्डर असे, ३.० पासून सारे एका एयूपी३ फाइलमध्ये जाते. जुना प्रोजेक्ट उघडल्यावर नवी फाइल तयार होते आणि मूळ तसाच राहतो. उलट दिशेने मात्र जाता येत नाही, २.४.२ मध्ये एयूपी३ उघडत नाही. म्हणून अर्धवट झालेले काम मधेच नव्या आवृत्तीत नेऊन पुन्हा जुन्यात आणण्याचा विचार करू नये.

उत्तर (गुहागर)

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. नॉइज रिडक्शन हा गोंगाट कमी करणारा इफेक्ट ट्रॅकवरच्या बटणातून देता येत नाही, तो मेनूतूनच द्यावा लागतो. तेव्हा गायन सुरू होण्यापूर्वीचे काही सेकंद रिकामे मुद्रित करून त्यावरून गोंगाटाचा नमुना घ्यावा, पंख्याची घरघर आधी काढावी आणि मगच रिव्हर्बकडे वळावे. पत्र्यावरचा पाऊस याने नीट निघत नाही, कारण तो क्षणाक्षणाला बदलतो. जास्त ओढून काढायला गेल्यास झांजेचा नादही मरतो. श्रावणात मुद्रण करायचे तर कौलारू खोलीच बरी.

प्रश्नकर्ता (कुडाळ)

आपणा दोघांचाही आभारी आहे. हाती असलेल्या गौळणी नव्या आवृत्तीतच पूर्ण करतो. आणखी एक शंका : संपूर्ण डबलबारीचा (दोन बुवांच्या भजनी सामन्याचा) प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर ठेवून त्यावरच काम केले तर चालेल का?

उत्तर (देवगड)

तसे करू नये. ४४.१ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट फ्लोट या ध्वनिमुद्रणाच्या दर्जाच्या मांडणीत एका मोनो ट्रॅकचा एक मिनिट साधारण १० एमबी जागा घेतो. चार ट्रॅकची दोन तासांची बारी त्यामुळे ५ जीबीच्या आसपास जाते, आणि एफएटी३२ या फायली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पूर्वी आवाज लहान लहान फायलींत विभागलेला असल्याने ही मर्यादा जाणवत नसे. काम लॅपटॉपच्या डिस्कवरच करावे, आणि बुवांना ऐकायला द्यायचे असेल तेव्हा प्रत्येक अभंग, गौळण, गजर स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर द्यावा.