उदंचन जलविद्युत प्रकल्पांना सरकारी मदत कशासाठी?

प्रवराकाठ (प्रश्न)
आमच्या अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज घ्यायची, अशी त्याची रीत. पण चढवण्यासाठी खर्ची पडलेल्या विजेपैकी जेमतेम तीन-चतुर्थांश वीज परत मिळते. असे असताना केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये जलविद्युत प्रकल्पांच्या पूरक सुविधांसाठी मंजूर केलेल्या १२,४६१ कोटी रुपयांच्या योजनेत १५,००० मेगावॉट उदंचन क्षमता का धरली? त्यातही खासगी कंपन्यांना जनतेचा पैसा का द्यावा?

वीजवाहिनी
तूट खरी आहे. मात्र दुपारी सौर वीज मुबलक असते आणि नेमकी संध्याकाळी, मागणी चढत असताना, ती संपते. दुपारची स्वस्त वीज संध्याकाळपर्यंत राखता आली, तर ही तूट परवडते. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, उलट असा प्रकल्प चाळीस वर्षांहून अधिक काळ चालतो. अडचण आहे ती सुरुवातीच्या प्रचंड भांडवलाची. योजनेतील पैसाही टर्बाइनसाठी नसून रस्ते, पूल, रोपवे आणि वीज वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिन्या यांसाठी आहे. पहिल्या २०० मेगावॉटला प्रत्येकी १ कोटी आणि पुढील प्रत्येक मेगावॉटला ७५ लाख अशी मर्यादा असल्याने १,००० मेगावॉटच्या प्रकल्पाला सर्वसाधारणपणे ८०० कोटींपर्यंत मिळतील. खासगी प्रकल्पाचे वाटप पारदर्शक पद्धतीने झालेले असावे, अशी अटही आहे. माझ्या मते याहून मोलाची सवलत आंतरराज्य पारेषण शुल्काच्या, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याच्या आकाराच्या, माफीची आहे, कारण ती वर्षानुवर्षे विजेच्या दरात उतरते.

डोंगरवाडी
हे सारे मान्य करूनही एक गोष्ट मला मनापासून खटकते. एप्रिल २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी या प्रकल्पांना राज्याला मोफत वीज देण्याच्या बंधनातून वगळले, ते रास्तच आहे. जो प्रकल्प निर्मितीपेक्षा जास्त वीज वापरतो, त्याच्याकडून फुकट वीज कशी मागणार? पण त्याच तत्त्वांनी प्रकल्पाजवळच्या गावांसाठीच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीचीही गरज नाही असे ठरवले, आणि त्यासाठी पुनर्वसनाचा प्रश्न येत नाही असे गृहीत धरले. सह्याद्रीच्या माथ्यावर नवा जलाशय बांधायचा तर कुणाची तरी कुरणे, वनहक्काची जमीन आणि पाणवठे त्यात जाणारच. रस्त्यासाठी सरकार शेकडो कोटी देणार असेल, तर त्याच मंजुरीत ग्रामसभेशी लेखी करार आणि गावांसाठी दरवर्षीचा ठरावीक निधी बंधनकारक करावा, अशी आमची मागणी आहे.