मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या नेव्हिगेशनमधली ठिकाणं नव्या गाडीत कशी न्यायची?

सेवावाहन
तातडीने मदत हवी आहे. जुन्या गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये वर्षानुवर्षं साठवलेली ठिकाणं आहेत, ती सगळी नव्या गाडीत टाकायची आहेत. पेन ड्राइव्हवर काढली, बदलून घेतली, नव्या गाडीत टाकली. दिसतात, पण चुकीच्या जागी. सोमवारी भाऊ नवी गाडी घेऊन निघणार, त्याआधी हे व्हायलाच हवं. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. कुणी केलंय का हे? कृपया सर्व्हिस सेंटरला विचारा असं सांगू नका, विचारून झालंय. तिथे प्रश्नच कुणाला कळला नाही.

मधलीलेन
एवढं कशाला? गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारा, लोकेशन शेअरिंग निवडा, भावाचं नाव टाका. तासाभरासाठी किंवा बंद करेपर्यंत, हवं तसं ठेवता येतं. तुम्ही कुठे आहात ते त्याला नकाशावर सतत दिसत राहील. आमच्या घरात सगळे हेच वापरतो.

खटपट्या
मधलीलेन, त्यांना स्वतःचं चालू ठिकाण पाठवायचं नाहीये, साठवलेली ठिकाणं हलवायची आहेत.
सेवावाहन, माहिती फारच कमी दिलीत. जुन्या गाडीतून कुठल्या प्रकारची फाइल निघते? नव्या गाडीला कुठली लागते? 'बदलून घेतली' म्हणजे कशाने? आणि चुकीच्या जागी म्हणजे किती चुकीच्या? रस्त्याच्या पलीकडे की भलत्याच गावात?

सेवावाहन
जुनीतून सीएसव्ही निघते, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांची साधी यादी. नवीला जीपीएक्स लागते, म्हणजे जीपीएसची ठिकाणं आणि मार्ग ठेवायची फाइल. इंटरनेटवर एक फुकट कन्व्हर्टर मिळाला, त्यातून केलं. चुकीच्या म्हणजे पार चुकीच्या. काही ठिकाणं तीस-चाळीस किलोमीटर लांब गेलीत, काही चार-पाच. एखाद-दुसरं मात्र जवळजवळ बरोबर आहे.

सुकाणू
अक्षांश आणि रेखांश उलटे झालेत, दुसरं काही नाही. केएमएल या नकाशाच्या फाइलप्रकारात रेखांश आधी लिहितात, मग अक्षांश. जीओजेसन या दुसऱ्या प्रकारातही तसंच. बाकी बहुतेक ठिकाणी अक्षांश आधी लिहितात. दोन रकाने अदलाबदल करा, काम झालं. हे मी अनेकांचं सोडवलंय.

रेखांश
सुकाणू, उलटे झाले असते तर ठिकाण चाळीस किलोमीटर सरकलं नसतं, दुसऱ्या खंडात नाहीतर समुद्रात जाऊन पडलं असतं. शिवाय जीपीएक्समध्ये क्रमाचा प्रश्नच येत नाही. तिथे 'लॅट' आणि 'लॉन' अशी नावं देऊनच आकडे लिहिलेले असतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की डोळ्यांनी वाचता येतं.

अनुभवी_चालक
माझं स्पष्ट मत: गाडीतलं नेव्हिगेशन विसरा. फोन गाडीच्या पडद्यावर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले लावा आणि फोनचा नकाशा वापरा. गाडीतले नकाशे जुने होतात, ते अद्ययावत करायला कुणी जात नाही. फोन बदलला तरी खातं तेच राहतं, ठिकाणं आपोआप येतात. हा हलवाहलवीचा उद्योगच करावा लागत नाही.

सेवावाहन
फोनचा पर्याय मला माहीत आहे. आम्ही घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, पोचवतो आणि त्यांची देखभाल करतो. बरीच घरं अशा भागात आहेत जिथे नेटवर्क नसतं आणि कुठल्याच नकाशात पत्ता सापडत नाही. प्रत्येक ठिकाण मी स्वतः फाटकासमोर गाडी उभी करून साठवलंय. मशीन बंद पडलं असा फोन आला की पत्ता विचारत फिरायला वेळ नसतो. म्हणून ती ठिकाणं जशीच्या तशी हवी आहेत.

मधलीलेन
पण नेटवर्क नसेल तर जीपीएस तरी कसं चालेल? गाडीतलंही चालणार नाही.

नकाशावेडी
चालतं. जीपीएस रिसीव्हर फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतो, तो स्वतः काहीच पाठवत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशाचे तुकडे उतरवायला आणि वाहतुकीची माहिती आणायला. फोनमध्ये पहिल्यांदा जागा पटकन सापडावी म्हणूनही त्याचा उपयोग होतो. नकाशा आधीच यंत्रात असेल तर भागतं. तेव्हा अनुभवी_चालक, फोन वापरायचाच तर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडसारखं ऑफलाइन अ‍ॅप घ्यायला हवं. ऑसमँड जीपीएक्स फाइल थेट उघडतं. पण त्यालाही फाइल बरोबर लागणारच, म्हणजे गाडी पुन्हा मूळ प्रश्नावर येते.

सेवावाहन, एक काळजीची गोष्ट. रुग्णांच्या घरांची यादी अनोळखी संकेतस्थळावर चढवलीत का? त्यात नावं होती का?

सेवावाहन
नावं नव्हती. आमच्या नोंदवहीतले क्रमांक आणि गावाची नावं होती.

नकाशावेडी
मग ठीक. तरी पुढच्या वेळी फाइली बदलायला जीपीएसबेबल वापरा. फुकट आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं, यादी घराबाहेर जात नाही. कुणाच्या घरात ऑक्सिजनवर माणूस आहे ही माहिती इकडेतिकडे पडता कामा नये.

सुकाणू
मग डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो, चुकला असणार. जुन्या भारतीय नकाशांत एव्हरेस्ट डेटम असतो, जीपीएसमध्ये डब्ल्यूजीएस ८४.

रेखांश
डेटमने काहीशे मीटरचा फरक पडतो, आणि एका भागातली सगळी ठिकाणं साधारण एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकतात. इथे एक चार किलोमीटर आणि दुसरं चाळीस. हे मोजपद्धतीचं काहीतरी दिसतंय.

सेवावाहन, दोन गोष्टी सांगा. एक, सगळी ठिकाणं एकाच दिशेला सरकलीत की कुठेही? दोन, जुन्या गाडीतून निघालेल्या मूळ फाइलमधली एक ओळ, कन्व्हर्टरमध्ये घालण्याआधीची. गावाचं नाव खोडा, रेखांशही देऊ नका, म्हणजे घर ओळखू येणार नाही. फक्त अक्षांश पुरे.

सेवावाहन
सगळी खाली आणि डावीकडे, म्हणजे दक्षिणेला आणि पश्चिमेला. कन्व्हर्टरनंतर एका ठिकाणाचा अक्षांश १८.४५३०२ आहे.

रेखांश
हा नंतरचा झाला. मूळ हवाय.

सेवावाहन
मूळ फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर आहे, ती शोधतो. तोवर आणखी एक: आधी नवी गाडी पेन ड्राइव्ह ओळखायची, पण फाइल दाखवायची नाही. लहान पेन ड्राइव्ह लावल्यावर दिसली. आता मोठा पुन्हा वापरायचा आहे.

खटपट्या
मोठा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असणार. ही पेन ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत, फॅट३२ ही दुसरी, जुनी. गाडीतली बरीच नेव्हिगेशन युनिट्स फक्त फॅट३२ वाचतात. आतला सगळा डेटा आधी दुसरीकडे ठेवा आणि मगच फॉरमॅट करा. फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता सर्वांत वर ठेवा, युनिटच्या पुस्तिकेत विशिष्ट फोल्डर सांगितला असेल तर त्यात. विंडोजमध्ये फाइलची एक्स्टेन्शन दिसत नसतील तर ती दाखवण्याचा पर्याय चालू करून बघा. 'यादी.जीपीएक्स' म्हणून जपलेली फाइल प्रत्यक्षात 'यादी.जीपीएक्स.टीएक्सटी' निघते आणि युनिट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

कक्षा
या सगळ्यावर खरा उपाय ओपनएलआर आहे. नेव्हिगेशनवाल्या टॉमटॉम कंपनीने २००९ मध्ये खुलं केलं. दोन कंपन्यांचे नकाशे वेगळे असले तरी रस्त्याचा तोच तुकडा दोघांना ओळखता यावा, यासाठी ठिकाण नुसत्या आकड्यांत न सांगता रस्त्याचा प्रकार, दिशा आणि तुकड्याची लांबी यांच्यासकट सांगायचं. कार कंपन्यांनी सगळीकडे हेच वापरलं पाहिजे.

खटपट्या
कक्षा, वाहतूककोंडीची माहिती एका नकाशावरून दुसऱ्यावर न्यायला ते उत्तमच. पण यांना सोमवारपर्यंत फाटकं शोधायची आहेत.

कक्षा
उपयोग आहेच. नुसत्या आकड्यांनी उड्डाणपूल आणि खालचा रस्ता यांतला फरक कळत नाही, दुभाजकाच्या कुठल्या बाजूला आहात तेही कळत नाही. हा त्रास त्यांना होणारच आहे.

सेवावाहन
सापडली. मूळ ओळीत अक्षांश असा आहे: १८४५.३०२ आणि पुढच्या रकान्यात 'एन', म्हणजे उत्तर.

रेखांश
मग झालं, सापडलं.

१८४५.३०२ म्हणजे १८ अंश आणि ४५.३०२ मिनिटं. जीपीएस रिसीव्हर एनएमईए नावाच्या पद्धतीने बोलतात, त्यात अंश आणि मिनिटं अशीच चिकटवून लिहितात. कन्व्हर्टरला ते कळलं नाही. त्याने सरळ १०० ने भागून १८.४५३०२ केलं. पण एका अंशात मिनिटं ६० असतात. म्हणून ४५.३०२ ला ६० ने भागायचं: ०.७५५०३. खरं ठिकाण १८.७५५०३. फरक ०.३०२ अंश, आणि अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, म्हणजे हे ठिकाण साडेतेहतीस किलोमीटर दक्षिणेला गेलं. रेखांशात हेच झालं म्हणून ते पश्चिमेलाही गेलं.

तुम्ही सांगितलेलं सगळं यात बसतं. मिनिटं जितकी जास्त तितकी चूक मोठी, अक्षांशात दर मिनिटामागे साधारण पाऊण किलोमीटर. ज्या ठिकाणाची दोन्हीकडची मिनिटं शून्याच्या जवळ आहेत ते जवळजवळ बरोबर दिसतं. चुकीचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा लहान, म्हणून सगळी एकाच दिशेला. ताळा करायचा असेल तर कन्व्हर्टरनंतरची यादी पाहा: दशांशचिन्हानंतरचे पहिले दोन अंक एकाही ओळीत ५९ च्या वर नसतील.

सेवावाहन
पाहिलं. एकाही ओळीत नाहीत! आता दुरुस्त कसं करू? हाताने करत बसलो तर सोमवार उजाडेल.

रेखांश
हाताने करू नका. मूळ सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडा. एका रकान्यात मूळ आकडा १०० ने भागून फक्त पूर्णांक घ्या, ते झाले अंश. पुढच्या रकान्यात मूळ आकड्यातून अंश गुणिले १०० वजा करा, ती झाली मिनिटं. तिसऱ्यात अंश अधिक मिनिटं भागिले ६०. सूत्र खालपर्यंत ओढा. रेखांशाच्या सुरुवातीचं शून्य स्प्रेडशीट खाऊन टाकेल, त्याने बिघडत नाही. मग ती यादी जीपीएसबेबलमधून जीपीएक्स करा. आणि गाडीत टाकण्याआधी तुम्हाला पाठ असलेली दोन-तीन घरं संगणकावरच्या नकाशात टाकून पाहा. ती फाटकावर पडली तरच पुढे जा.

सुकाणू
माझंही हेच म्हणणं होतं, आकड्यांतच घोळ आहे.

सेवावाहन
रेखांश, मनापासून आभार. नकाशात पाहिली, थेट फाटकावर आली. गाडीतही गेली. आता दोनच अडचणी. गावांच्या नावांच्या जागी चौकोन दिसतात. आणि भावासाठी काही ठिकाणं ओळीने लावून एक मार्गही पाठवला, तर नवी गाडी भलत्याच रस्त्याने नेते.

नकाशावेडी
चौकोन असतील तर फाइल बहुधा ठीक आहे, युनिटमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं दिसली असती तर नावं बदलतानाच गेली असं समजलं असतं. तुम्ही नोंदवहीचे क्रमांक वापरताच, मग नावाच्या जागी फक्त क्रमांक ठेवा.

मार्गाचं असं आहे की जीपीएक्समध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात: सुटी ठिकाणं, 'रूट' आणि 'ट्रॅक'. रूटमध्ये फक्त टप्पे जातात, मधला रस्ता नवी गाडी स्वतःच्या नकाशावरून नव्याने ठरवते. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष गेलेल्या वाटेवरचे लागोपाठचे बिंदू, पण बरीच युनिट्स तो नुसती रेघ म्हणून दाखवतात, वळणं सांगत नाहीत. म्हणून रूटच ठेवा आणि जिथे गाडी भरकटते तिथे मध्ये एक टप्पा वाढवा. तो टप्पा चौकाच्या मधोमध ठेवू नका, चौक ओलांडून पुढे, आपल्याच बाजूच्या रस्त्यावर ठेवा. दुभाजकाच्या पलीकडे पडला तर यंत्र पुढे नेऊन वळवून परत आणतं.

कक्षा
हेच मी वर म्हणत होतो.

खटपट्या
मान्य, दुभाजकाचं तुमचं बरोबर होतं.

अनुभवी_चालक
फोनवर यातलं काहीच करावं लागलं नसतं. असो. जुनी गाडी विकणार असाल तर तिच्यातली ठिकाणं, मागचे प्रवास आणि जोडलेल्या फोनचे संपर्क पुसा. नुसती बॅटरी काढून ते जात नाही, सेटिंगमध्ये फॅक्टरी रीसेट शोधा.

सेवावाहन
विकत नाही, दोन्ही गाड्या चालू राहणार. पण हे लक्षात ठेवतो. चौक ओलांडून टप्पे टाकले, गाडी आता आमच्याच रस्त्याने नेते. भाऊ संध्याकाळी एक फेरी मारून बघतोय.

पाचवागिअर
धागा वाचला, फार उपयोगी. माझ्याकडे केएमझेड फाइल आहे, युनिट घेत नाही. काय करू?

नकाशावेडी
केएमझेड म्हणजे झिप केलेली केएमएल. नाव बदलून शेवटी झिप करा, उघडा, आतली केएमएल घ्या आणि जीपीएसबेबलमधून जीपीएक्स करा. युनिट कुठलं आहे ते मात्र सांगा.